लेन्स विकायच्या आधी शटर तपासा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, वेरूळला काढलेले फोटो किंचित हललेले येतात. ही झूम लेन्स विकून भारीतली घेऊ का? ईएमआयवर मिळतेय." मी लगेच लिहिलं, थांब बाबा. कारण नेमकं हेच करून मी साडेनऊ हजार रुपये घालवून बसलोय.

झालं असं, की आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, वेरूळला नेलं होतं. संभाजीनगरहून जेमतेम ३० किलोमीटर, पण जवळ असल्यामुळेच त्यांचं कधी जाणं झालं नव्हतं. कैलास लेण्याच्या अंगणात, दगडी हत्तीपाशी आबा टोपी सरळ करून उभे राहिले. मी लांबून झूम केलं. लेन्स १८-१३५, शटर १/१२५. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो एकदम झकास. घरी लॅपटॉपवर मोठा करून बघतो तर काय, आबांच्या भुवया डबल! टोपीची कडही डबल. त्या दिवसाचे झूम केलेले जवळपास सगळे फोटो तसेच.

आधी वाटलं, माझाच हात हलला. मग वाटलं, लेन्स खराब. तोट्यात विकली, महागातली घेतली. आणि नव्या लेन्सवरही तेच!

शेवटी घरात भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्याचेच फोटो काढत बसलो. १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००. प्रत्येक स्पीडला पाच-पाच. आई म्हणाली, पेपर वाचायचा असतो रे. गंमत बघा: १/५०० ला अक्षरं स्वच्छ. १/३० लाही बरीच बरी. आणि मधल्या १/१२५ ला सगळ्यात वाईट. हात हलला असता तर १/३० चे फोटो जास्त बिघडायला हवे होते ना? अजून एक खूण सापडली. कॅमेरा आडवा धरला की अक्षरं वर-खाली डबल दिसायची, उभा धरला की डावी-उजवीकडे. म्हणजे धक्का कॅमेऱ्याच्या आतूनच येत होता.

याला म्हणतात शटर शॉक. मिररलेस कॅमेऱ्यात स्क्रीनवर चित्र दिसावं म्हणून सेन्सर कायम उघडा असतो. बटण दाबलं की शटरचा पडदा आधी धाडकन बंद होतो, मग उघडतो, आणि तेव्हा फोटो सुरू होतो. त्या आपटण्याची थरथर अजून चालू असते. १/५०० मध्ये थरथरीला फोटो बिघडवायला वेळच मिळत नाही. १/३० ला ती लवकर विरते आणि उरलेला बराच वेळ कॅमेरा स्थिर असतो. मधले स्पीड मात्र बरोबर कचाट्यात सापडतात. हलका कॅमेरा, हलकी लेन्स आणि लांबचा झूम असेल तर जास्तच.

आणि हे स्वस्त कॅमेऱ्यांचंच दुखणं आहे असं नाही. सोनीचा ए७आर २०१३ मध्ये आला, ३६ मेगापिक्सेलचा. त्यात यावरची सोय नव्हती. ती २०१५ च्या ए७आर-टू मध्ये आली. सोय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. सुरुवातीचा पडदा खरा हलतच नाही, सेन्सर स्वतःच ओळीओळीने फोटो सुरू करतो. मेन्यूत शटर टाइपमध्ये शोधा. ऑलिम्पसवाल्यांनी 'अँटी-शॉक' शोधा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरही चालतं, पण धावती माणसं तिरकी येतात आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे पडू शकतात.

तुमच्या मोबाइलला हा त्रास नाही. त्यात पडदाच नसतो. तो 'क्लिक' निव्वळ वाजवलेला आवाज आहे.

आता लेन्सचं. माझं मत सांगतो, पटलं तर बघा. कैलासच्या अंगणात अख्खं देऊळ मावायला मोबाइलची अल्ट्रावाइड पुष्कळ झाली. कॅमेऱ्याकडून दूरचं मागा: शिखरावरचं कोरीवकाम, अजिंठ्याला वाघूर नदीपलीकडच्या टेकडीवरून दिसणारी लेण्यांची रांग. त्यासाठी १८-१३५ उत्तम. १८-३०० चा मोह मी टाळतो, वजन गळ्यात येतं. पण अजिंठ्याच्या आत, पद्मपाणीसमोर, फ्लॅशला बंदी आणि ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथे एफ ६.३ ची झूम एफ २.८ पेक्षा पाचपट कमी प्रकाश घेते. म्हणून सोबत एक छोटी ३५ एमएम एफ १.८ ठेवा.

जाता जाता, मेजर रॉबर्ट गिल आठवतो का? पारोच्या गोष्टीतला. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमलं. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ च्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण त्याने फोटोही काढले होते. १८६४ च्या एका पुस्तकात त्याचे ७४ आहेत. त्या काळच्या कॅमेऱ्यांना बहुधा शटर नसायचंच. लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. शटर शॉकची कटकटच नाही!

त्या श्रोत्याचा परवा परत मेसेज आला. मेन्यूत एक सेटिंग बदललं, पेपर स्वच्छ आला, ईएमआय रद्द. माझ्या साडेनऊ हजारांचं मात्र काही होऊ शकत नाही. आबांचे गुडघे हल्ली फार दुखतात, पण कैलासचं अंगण खालीच आहे, तेवढं जमेल म्हणतात. बुधवारी नेतोय. मंगळवारी वेरूळ बंद असतं, तुम्हीही लक्षात ठेवा. चला, भेटू पुढच्या भागात.