पर्यायी कार्यप्रणालींचा टिकाव : गुणवत्तेपलीकडचे प्रश्न



संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये जी आज्ञावली उभी असते, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरगुती व कार्यालयीन संगणकांत विंडोजचे प्राबल्य आहे. मॅकओएस हे दुसरे परिचित नाव. यांखेरीज अनेक प्रणाली निर्माण झाल्या, काही आजही जिवंत आहेत. त्या मागे का राहिल्या, याचे उत्तर सहसा ‘त्या कमी दर्जाच्या होत्या’ असे दिले जाते. इतिहास याला दुजोरा देत नाही.

‘बीओएस’चे उदाहरण बोलके आहे. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांच्या ‘बी’ या कंपनीने ही प्रणाली नव्वदच्या दशकात घडवली. एकाच वेळी अनेक चित्रफिती अडखळल्याविना चालवण्याची तिची क्षमता त्या काळी थक्क करणारी होती. ॲपल तिच्या खरेदीचा विचार करत होती. परंतु किमतीवर एकमत झाले नाही आणि डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने ‘नेक्स्ट’ची निवड केली. पुढे इंटेल संगणकांवर ही प्रणाली आली खरी, पण दुकानात मिळणाऱ्या यंत्रात ती आधीपासून बसवलेली असणे दुर्मीळच होते. २००१ मध्ये कंपनीची बौद्धिक संपदा ‘पाम’ने अवघ्या १ कोटी १० लाख डॉलरला घेतली. संगणक उत्पादकांशी केलेल्या करारांतून आपली वाट रोखली गेली, असा दावा ‘बी’ने २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाखल केला. २००३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली, मायक्रोसॉफ्टने गैरकृत्य मान्य केले नाही. भरपाई आली तेव्हा प्रणाली बाजारातून गेलेली होती.

आयबीएमच्या ‘ओएस/२’ची कथा निराळी. तिच्यामागे पैसा होता, नाव होते. १९९२ च्या आवृत्तीत विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावलीही चालत. ग्राहकाची ही सोयच पुढे अडचणीची ठरली. कारण विंडोजसाठी लिहिलेले इथेही चालते म्हटल्यावर ओएस/२ साठी वेगळे काही लिहिण्याचे कारणच उरले नाही. २००६ अखेरीस आयबीएमने तिचे पाठबळ थांबवले. बँकांच्या एटीएम यंत्रांत मात्र ती दीर्घकाळ राबत राहिली. यंत्र आणि काम ठरावीक असेल तेथे अल्पपरिचित प्रणालीही टिकते.

बीओएसच्या चाहत्यांनी २००१ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आज ‘हायकू’ नावाने ओळखला जातो. त्याची पहिली प्राथमिक आवृत्ती २००९ मध्ये आली, पाचवी चाचणी आवृत्ती २०२४ मध्ये. दोन दशकांहून अधिक काळ लोटूनही ‘पूर्ण’ म्हणावी अशी आवृत्ती आलेली नाही. स्वयंसेवकांच्या चिकाटीबद्दल शंका नाही. पण बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या वायफाय किंवा ग्राफिक्स उपकरणासाठी चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, लागतो आणि ही शर्यत मूठभर लोकांनी जिंकण्यासारखी नाही. हायकूनेही जाळेजोडणीचे कित्येक ड्रायव्हर फ्रीबीएसडीकडून घेतले आहेत.

भारतात सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ प्रणालीने हीच उसनवारी सुरुवातीपासून स्वीकारली. ती डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने ड्रायव्हर व आज्ञावलींचा मोठा साठा आयता मिळाला आणि भारतीय भाषांच्या सोयीवर लक्ष देता आले. तरीही सर्वसामान्य वापरात ती फारशी रुजली नाही. तांत्रिक पाया पक्का, पण दैनंदिन सक्ती वा सवय नाही, अशी तिची स्थिती.

केरळने ही उणीव शाळांपुरती भरून काढली, आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासकांनी या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पाने शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली. शिक्षकांना प्रशिक्षण दिले. पाठ्यपुस्तके त्याच आज्ञावलींवर बेतली. दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षाही मुक्त आज्ञावलींवर घेतली. परीक्षेला जे येते ते शिकवले जाते, हे सत्य येथे धोरणाच्या कामी आले! २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर ‘काइट’ या शासकीय कंपनीत झाले.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले होते. २०१७ मध्ये तेथील परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. इतर कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवघेव ही तेथील एक कायमची तक्रार होती. शाळा आपले जग काही अंशी स्वतः आखू शकते, महापालिकेला ती मुभा नसते.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार निविदांमध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य असून, त्या वगळायच्या झाल्यास कारण द्यावे लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, पण चालू स्थितीतील संगणक अनेक कार्यालयांत व शाळांत आहेत. ते भंगारात काढायचे की लिनक्स बसवून वापरायचे, हा निर्णय आता त्या त्या खरेदी विभागापुढे आहे. आणि जुना मुद्रक, स्थानिक भाषेचा टंक व कार्यालयाची नेहमीची आज्ञावली नव्या प्रणालीवर चालते की नाही, यावरच तो प्रत्यक्षात ठरणार आहे.