नकाशावरचे अंतर, आकाशातले तास

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत, दिग्गी नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात काळी नदी उगम पावते. तेथून कारवारच्या समुद्रापर्यंत तिला सुमारे १८४ किलोमीटर वाहावे लागते. कारण ती आधी पूर्वेकडे सुपा व दांडेलीच्या बाजूला जाते आणि मग वळून पश्चिमेच्या सागराला मिळते. पाखरू सरळ उडाले, तर त्याला याच्या निम्मेही अंतर पडणार नाही. उगम तोच, मुख तेच. मात्र वाट निराळी म्हणून अंतर निराळे.

श्रोते हो, विमान पाखरासारखे उडते. तेव्हा त्याची वाट सरळच असणार, असे कोणासही वाटेल. मुंबई आणि लंडन ही दोन शहरे घ्या. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेषा सिरियाच्या आसपास जाते. पण पृथ्वी सपाट नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो बराच उत्तरेला सरकतो व काकेशस पर्वताजवळून जातो. हीच खरी जवळची वाट. ती सुमारे ७२०० किलोमीटर भरते.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत संपावे. प्रत्यक्षात जाताना नऊ-दहा तास लागतात आणि परतीला त्याहून कमी. याचे कारण वारा. विमाने जेथून जातात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वायुप्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक. जाताना ते आडवे येतात, येताना पाठीशी उभे राहतात.

पूर्वी इंधनाचीही अडचण होती. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि प्रवासाचे तास झपाट्याने घटले.

यंत्र सुधारले, तरी माणसांतील वितुष्ट सुधारत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. अमेरिकेकडील काही विमानांना वाटेत उतरून इंधन भरावे लागले. शहरे जागच्या जागी होती. अंतर मात्र वाढले.

म्हणून दूरच्या प्रवासाचा हिशेब केवळ किलोमीटरांत मांडू नये. तिकिटावरचे तास विमानतळापासून विमानतळापर्यंतचे असतात, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचे नव्हेत. परदेशी गेलेल्या मुलास घरचे आजारपण कळले, तर त्याच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पाच मोलाचा. सात हजार किलोमीटर एका रात्रीत मागे पडतात. पण पुढे सह्याद्रीतला घाट, अरण्य आणि वळणांचा रस्ता उरतोच. दिग्गीसारख्या गावाला जवळ आणायचे असेल, तर वेगवान विमानाइतकीच चांगल्या रस्त्याची व वेळेवर येणाऱ्या एस. टी.ची गरज आहे. आकाशातले तास कमी झाले. आता जमिनीवरचे कमी व्हावयास हवेत.