पोलिसाने चेहरा झाकावा काय?



कर्तव्यावरील पोलिसाने चेहरा झाकावा की नाही, हा प्रश्न वरवर गणवेशाचा वाटतो. वस्तुतः तो शासन आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचा आहे.

पोलिसाची बाजू प्रथम समजून घेतली पाहिजे. जुलै २०१८ मध्ये शोपियां जिल्ह्यात एका पोलीस शिपायाचे अपहरण करून त्याची हत्या करण्यात आली. पुढच्याच महिन्यात दक्षिण काश्मिरात दहशतवाद्यांनी पोलिसांच्या घरांत शिरून त्यांच्या आप्तांना पळवून नेले. पुढे त्यांची सुटका झाली. अशा प्रदेशात चकमकीस निघालेला जवान काळ्या कापडाने तोंड झाकतो, ते भित्रेपणाने नव्हे. घरी वृद्ध आईवडील आणि लहान मुले आहेत म्हणून. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

परंतु चकमक वेगळी आणि अटक वेगळी. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या १९९६ च्या निकालात, अटक करणाऱ्या पोलिसाचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसलाच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६ हेच सांगते: नाव ठळकपणे दिसावे, अटकेचा पंचनामा व्हावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी. मुखवट्याआडच्या अनामिकाविरुद्ध तक्रार तरी कोणाच्या नावाने करायची?

दुसरा धोका तोतयांचा. १४ जून २०२५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पोलिसाच्या वेषात आलेल्या मारेकऱ्याने लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची राहत्या घरी हत्या केली. नुसता गणवेश ही ओळख नव्हे, हे तेथे रक्ताने सिद्ध झाले. चेहरे झाकण्याचा प्रघात पडला, तर तोतयांचे काम अधिकच सोपे होईल.

तेव्हा मर्यादा स्पष्ट असाव्यात. दहशतवादविरोधी मोहिमेत वरिष्ठांच्या लेखी आदेशाने मुखवट्यास अनुमती असावी. कोण कोण गेले, याची नोंद ठाण्यात राहावी. नाकाबंदी, मोर्चा आणि घरातून होणारी अटक येथे मात्र चेहरा उघडा आणि नावाची पट्टी छातीवर हवी. मुखवटाधारी पथकासोबतही एक अधिकारी उघड्या चेहऱ्याने असावा.

जवानाच्या कुटुंबाचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे. त्या कर्तव्यात राज्य उणे पडले, तर त्याची किंमत निरपराध नागरिकाने मोजावी, हे न्यायाला धरून नाही.