दुष्काळनिवारण मंडळाच्या सभेतील भाषण

२०२३ साली सरकारने बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके दुष्काळग्रस्त ठरविले; तथापि तालुका म्हणजे एकच शिवार नव्हे. नीरेच्या डाव्या कालव्याखाली ऊस डोलतो, आणि सुपे-मोरगावाकडे पाऊस चुकला की विहिरी तळ दाखवितात. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रांत १० मीटरांचा तुकडाही वेगळा ओळखू येतो, व ती विनामूल्य मिळतात. करडी पडलेली गावे त्यांवरून निवडावी. मात्र केवळ हिरव्या रंगास भुलू नये! उसाच्या कडेलाच एखाद्या वस्तीचा हंडा रिता असतो, तो आकाशातून दिसत नाही. तेथे माणूसच पाठविला पाहिजे. आपण टँकर व चाऱ्याकरिता द्रव्य द्याल, त्यातील थोडे या चौकशीकरिता राखून ठेवण्याची अनुज्ञा असावी.