शिस्त घरातली की शिट्टीवरची?



मुलांनी रात्री-अपरात्री रस्त्यावर भटकू नये, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? परंतु घराने लावायची शिस्त पोलिसाच्या शिट्टीवर सोपविली की, त्याचे मोल साऱ्या समाजाला मोजावे लागते. अमेरिकेचा अनुभव याबाबत बोधप्रद आहे. १९९०च्या दशकात तेथील अनेक नगरांनी अल्पवयीनांवर रात्रीची संचारबंदी लादली. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही तिचा पुरस्कार केला.

फलित काय? २०१६ साली बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला; संचारबंदीने गुन्हे घटल्याचे त्यात आढळले नाही. वॉशिंग्टनमध्ये तर विपरीतच घडले. उन्हाळ्यात मध्यरात्री लागणारी संचारबंदी १ सप्टेंबरपासून रविवार ते गुरुवार रात्री अकरालाच लागे. त्या वाढीव तासात गोळीबार कमी न होता वाढल्याचे अर्थतज्ज्ञांना दिसले. सज्जनांची वर्दळ थांबली की साक्षीदार उरत नाहीत. ओस रस्ता गुंडांच्याच सोयीचा! शिवाय, मुलांना हटकण्यात गुंतलेला पोलीस खऱ्या गुन्हेगाराकडे पाहणार केव्हा?

टेक्सासमध्ये अशा मुलावर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येई. कोवळ्या वयात कायद्याविषयी आदराऐवजी अढी बसावी, ही हानी कोणत्या जमाखर्चात मांडणार? अखेर २०२३ साली त्या राज्याने स्थानिक संस्थांचा हा अधिकारच काढून घेतला.

शासनाने गुन्हेगाराला जरूर आवरावे. मुलाला मात्र जागे घर आणि जागरूक शेजारच सावरू शकतो.