ऊन आणि आपली हाडे



ऊन ही आपल्याकडे न मागता मिळणारी वस्तू. मग उन्हापासून अंगात तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा तुटवडा आपल्यालाच कसा पडतो?

याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्या नाशिकातच मिळाले होते. हचिसन आणि शाह यांनी तेथील मुडदुसाची पाहणी १९२२ साली प्रसिद्ध केली. पडद्यात वाढणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांना अन्न चांगले मिळे, तरी मुडदूस त्यांच्यातच आढळला. उघड्यावर खेळणारी गरिबांची मुले अपुऱ्या अन्नावरही त्यातून वाचली होती.

आपण पडदा पाळीत नाही. पण दिवस जातो फ्लॅटमध्ये किंवा कचेरीत, आणि बाहेर पडलो की छत्री, स्कार्फ, हातमोजे. २००० साली दिल्लीतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सैनिकांपेक्षा डॉक्टर व परिचारिका यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुष्कळच कमी निघाले. जाणत्यांची ही गत, तर आपली काय कथा!

हे जीवनसत्त्व नसेल, तर दुधातले कॅल्शियम शरीराला नीट घेता येत नाही. हाडे मऊ पडतात, कंबर-मांड्या दुखतात, जिना चढवत नाही. आपण मात्र "वय झाले" म्हणून बाम चोळीत बसतो. सगळीच दुखणी याची नसतात. पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. खिडकीच्या काचेतून ऊन येते, परंतु उपयोगाचे किरण काच अडवते. पहाटेच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली, की ऊन कामाचे झाले असे समजावे. मग हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे. त्वचा भाजेपर्यंत मात्र बसू नये. सावळ्या कांतीला थोडा अधिक वेळ लागतो. नुसत्या शाकाहारी जेवणातून ही गरज भागत नाही.

एक विनंती मात्र मनापासून करते. डॉक्टर ६०,००० युनिटांची पुडी देतात, ती दिवस मोजून देतात. शेजारणीला गुण आला म्हणून आपण घेऊ नये, अन् महिनोन् महिने मनाने चालू ठेवू नये. ती अति झाली, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आपल्या आया-आज्या गच्चीवर पापड-कुरडया घालीत, राखणीला बसत. वाळवणाबरोबर त्यांनाही ऊन मिळे. पापड आता विकत येतात, ऊन विकत येत नाही. गच्ची अजून आहे. दुपारच्या जेवणाआधी आपण चौघीजणी तेथे भाजी निवडायला बसलो, तरी पुष्कळ झाले.