वेगळे मत इतिवृत्तात लिहा

(यशवंतपूर येथे रेल्वे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या वर्गाला 'कायदा, समाज आणि मतभेद' असा विषय दिला आहे. आम्ही काही वकील नाही. मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो, आणि जो थोडाफार कायदा शिकलो तो साथींच्या चार्जशीटला उत्तरे लिहिता लिहिता शिकलो. मिरज, बेळगाव, सोलापूरकडून बदलीने आलेले बरेच साथी समोर आहेत, म्हणून मराठीतच बोलतो.

गाडी घसरली की निरनिराळ्या खात्यांचे पर्यवेक्षक जागेवर जमून जॉइंट नोट करतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ज्याला ती मान्य नसेल तो खाली आपली डिसेंट नोट लिहितो. ती बरोबरच असते असे नाही. कधी कधी आपल्या खात्याची कातडी वाचवण्यासाठीही लिहिली जाते. पण ती कागदावर असते, म्हणून चौकशी करणाऱ्याला रुळाची मापे पुन्हा तपासावी लागतात. वेगळ्या मताचे मोल एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

आता याच शहरातली गोष्ट घ्या. २६ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या पहिल्याच दिवशी, संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेल्या विरोधी पक्षांच्या खासदारांना अटक झाली. त्यांत आपले प्रा. मधु दंडवते होते, वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र होते. त्यांना इथल्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले. अशा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते, असे कर्नाटक, मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निकाल दिला की आणीबाणीत असा अर्जच चालणार नाही. त्या चौघांत पुण्यात कायदा शिकलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी वेगळे मत लिहिले. कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता.

त्या मताने त्या दिवशी एकाही तुरुंगाचे दार उघडले नाही. उलट जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. पण कागद राहिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो निकाल रद्द ठरवला. तो चूक होता असे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. एका माणसाने लिहून ठेवलेली गोष्ट देशाने मान्य करायला एकेचाळीस वर्षे लागली. लिहूनच ठेवली नसती तर मान्य काय केले असते?

याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. मे १९७४ च्या संपात आपले हजारो साथी तुरुंगात गेले, हजारो बडतर्फ झाले. शिस्त व अपील नियमांतल्या १४ (दोन) कलमाखाली, चौकशी न करता, म्हणणे ऐकून न घेता, किती जणांना घरी पाठवले! आणि १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांना कामावर परत घेणारे कोण? बंगळूरच्या तुरुंगात राहून आलेले तेच दंडवते. ज्याचे म्हणणे ऐकले गेले नाही, त्याला दुसऱ्याचे न ऐकलेले म्हणणे कळते.

तो जुना तुरुंग आज फ्रीडम पार्क आहे. २०२१ च्या पोलीस आदेशाने शहरातल्या निदर्शनांसाठी तीच जागा नेमून दिली. मतभेद करणाऱ्यांना जिथे कोंडले, तिथेच आता मतभेद करायला जायचे! सरकारवर आपण अशी टीका करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण साथींनो, आपल्या सभेच्या खोलीत आपण काय करतो?

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके यावर बोट ठेवले. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो; त्याला पोर्टरचेही काम मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरचे काम करून घेतो. हे दुःख सांगितले की कामगारांत फूट पाडता असे म्हणायचे, ही आपल्या चळवळीची जुनी खोड आहे. फूट सांगणाऱ्याने पाडलेली नसते, ती आधीच पडलेली असते.

आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका यार्डात आठ तासांच्या पाळ्यांऐवजी बारा तासांच्या पाळ्यांचा प्रस्ताव आला. लांबच्या गावच्या मंडळींना सलग विश्रांती मिळून घरी जाता येणार, म्हणून सगळे खूश. एक नवा पॉइंट्समन उठला. म्हणाला, "दादा, पावसात बाराव्या तासाला शंटिंग करताना हात चालत नाहीत. शिवाय तीन पाळ्यांची माणसे दोन पाळ्यांत बसवली की उरलेली पदे सरेंडर होतील." आम्ही त्याला खाली बसवले. "काल आलास, आज शिकवतोस काय?" असे आमच्यापैकीच एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसलो. इतिवृत्तात लिहिले: 'एकमताने मंजूर'.

वर्षभरात पदे गेली. आम्ही पीएनएम बैठकीत विषय नेला, तेव्हा साहेबांनी आमचेच पत्र टेबलावर ठेवले. तुमच्या शाखेने एकमताने मागितले होते ना? आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या पोराच्या दोन ओळी इतिवृत्तात असत्या, तर दाखवायला काही तरी असते. त्याची वर्गणी आजही दरमहा येते. तो सभेला येत नाही.

म्हणून आमच्या शाखेने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या आपणही ठरवाव्यात. पहिली, वेगळे मत मांडणाऱ्याचे म्हणणे कारणांसह, त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. दुसरी, एकाचाही विरोध असेल तर 'एकमताने' हा शब्द वापरायचा नाही, 'बहुमताने' लिहायचे. तिसरी, सहा महिन्यांनी ते पान पुन्हा उघडून कोणाचे खरे ठरले ते सभेपुढे ठेवायचे.

याने एकजूट मोडेल अशी भीती काही ज्येष्ठांना वाटते. ती अगदीच खोटी नाही. ठराव झाल्यावर तो सर्वांनी पाळायचा, संपाच्या दिवशी कोणी कामावर जायचे नाही, यात सूट नाही. खन्नांनीही मत लिहिले, निकाल बहुमताचाच राहिला. पण हात वर करायला लावून जमवलेली एकजूट पहिल्या चार्जशीटला फुटते. ज्याचे ऐकून घेतले आहे, तो हरलेल्या ठरावासाठीसुद्धा फाटकावर उभा राहतो.

येत्या रविवारी आम्ही त्या पॉइंट्समनच्या क्वार्टरवर जाणार आहोत. त्या दिवशीच्या इतिवृत्ताची दुरुस्ती सोबत नेणार आहोत, त्याच्या सहीसाठी. तो सही करील की नाही, ते त्याचे मत. तेही लिहून ठेवू.

कामगार एकजुटीचा विजय असो!